आधी नाव, मग गल्ली, मग राग

वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेत लहानूकाका ताकसांडे यांच्याबद्दल एक गोष्ट सगळे खात्रीने सांगतात. त्र्याण्णव साली या माणसाने स्टॉकमध्ये पैसा टाकला, तो सगळा बुडाला, आणि त्या धक्क्याने त्याची राग येणारी शीर कायमची बंद पडली. म्हणून आता त्याला काहीही बोला, तो चिडत नाही. आमचे पोस्टमन अण्णाजी या गोष्टीचे मुख्य साक्षीदार. अण्णाजी आधी नाकातून हवा सोडतात, मग शब्द सोडतात. "हुंऽ. मी सोता पार्सलं नेऊन देल्ली ना बाप्पा. दिल्लीवरून येत, मद्रासवरून येत. वर लिहेल राहे, स्टॉक. हुंऽ. एवढा बुडाला माणूस, पण डोळ्यात पाणी नाई. सही करे अन् चहा विचारे."

हे सगळं खोटं आहे. काकांनी स्टॉकमध्ये एक रुपया टाकलेला नाही. पार्सलांवर 'स्टोइक' लिहिलेलं असायचं. अण्णाजींचं इंग्रजी पिनकोडपर्यंत पक्कं आहे, त्याच्यावर थोडं डळमळतं. स्टोइक म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीस आणि रोममधल्या लोकांनी मांडलेला एक विचार. त्यांच्यात राजा होता तसा गुलामही होता. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही हे ओळखायचं, आणि जे नाही त्यापायी जीव जाळायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. पार्सलांत त्यांची पुस्तकं येत.

पण अफवेला खरी बळकटी दिली जयवंता पेंटरने. पुस्तकं वाचून झाल्यावर काकांना वाटलं, हे एकट्याने वाचण्यासारखं नाही, बरोबर कोणी पाहिजे. म्हणून त्यांनी घरावर पाटी लावायची ठरवली: 'स्टोइक अभ्यास वर्ग. दर रविवारी सकाळी आठ वाजता. सर्वांना प्रवेश.' कागदावर लिहून जयवंताला दिलं. जयवंताने पाटी आणली 'स्टॉक अभ्यास वर्ग' अशी, आणि वर म्हणाला, "काका, तुमचं चुकलं होतं, मी दुरुस्त करून देल्लं. त्याचे वेगळे पैसे नाई."

पहिल्या रविवारी तेवीस माणसं आली. सगळ्यांजवळ पेन. काकांनी कुठूनकुठून खुर्च्या आणल्या आणि पाऊण तास सांगितलं की, जे आपल्याजवळ नाही त्याची हाव सोडली की माणूस मोकळा होतो. तेवीस माणसांनी ते लिहून घेतलं. मग सिंदी मेघेच्या एका कापडवाल्याने हात वर केला. "ते सगळं ठीक आहे. पण घ्याचं कोणतं?" काका म्हणाले, "काहीच नाई घ्याचं." लोकांना वाटलं, हा माणूस कंपनीचं नाव लपवून राहिला. चहा झाला आणि सगळे गेले. दुसऱ्या रविवारी कोणी आलं नाही. काकांनी त्या दिवशी दोनच खुर्च्या मांडल्या, एक आपली आणि एक येणाऱ्याची. तेव्हापासून तेरा वर्षं दर रविवारी दोन खुर्च्या मांडल्या जातात, आणि काका एकीवर बसून वाचतात.

नावाने लहानू असले तरी काका सहा फूट आहेत. दारातून आत येताना ते आधी डोकं आणतात, मग बाकीचा माणूस मागून येतो. पूर्वी ते वीज खात्यात लाइनमन होते. ब्याण्णवच्या उन्हाळ्यात केळझरकडे वादळात काम करताना शिडीवरून पडले, पाय मोडला आणि सहा महिने खाटेवर राहिले. मेहुण्याने नागपूरच्या फुटपाथवरून रद्दीचा एक गठ्ठा आणून दिला, त्यात एक विनाकव्हरचं इंग्रजी पुस्तक निघालं. पहिली वीस पानं फाटलेली. काका सांगतात, "बरं झालं नं. प्रस्तावना वाचाचं काम वाचलं, डायरेक्ट मुद्द्यावर आलो." डिक्शनरी घेऊन महिन्यात अकरा पानं झाली. पाय थोडा वाकडाच जुळला. मग खात्याने त्यांना खांबावरून काढून टेलिफोनवर बसवलं, तक्रार केंद्रात. लाइन गेली की अख्खं गाव ज्या नंबरवर फोन करतं, तो फोन काकांच्या कानाला.

त्यांच्या फोन उचलण्याची नक्कल मी पाचवीपासून करते. खालच्या पट्टीत, सायकलची चैन तेल घातल्यावर फिरते तसं: "नमस्कार. तक्रार केंद्र. लहानू बोलतो. आधी नाव सांगा, मग गल्ली सांगा, मग राग सांगा." समोरचा माणूस राग घेऊनच आलेला असतो, त्यामुळे तो तिथूनच सुरू करतो. मग काका म्हणतात, "रागाले लिहाले जागा जास्त लागते दादा. आधी नाव घेऊ." नाव आणि गल्ली सांगेपर्यंत निम्म्या लोकांचा राग कमी होतो, आणि निम्मे जास्त चिडतात.

जास्त चिडणाऱ्यांत माझे बाबा पहिले. बाबांची, म्हणजे महादेवरावांची, पिठाची चक्की आहे. लाइन गेली की चक्की थांबते, अर्धं दळण वर आणि अर्धं खाली राहतं, आणि बाया डब्यांसकट भिंतीला टेकून बसतात. घशात कायम पीठ, म्हणून बाबांच्या बोलण्यात दर तीन शब्दांना एक खाकरा असतो. "मी काय म्हणतो लहानूभाऊ, खॅक, तुमी लोकं आमाले माणूस, खॅक, समजता का नाई?" पलीकडून काका प्रेमाने म्हणतात, "या महादेवराव. सकाळपासून तुमचीच वाट पाहून राह्यलो." यात टोमणा नसतो. पुस्तकात लिहिलंय की, सकाळी उठल्यावर आज काय काय वाईट होईल त्याची उजळणी करावी, म्हणजे झाल्यावर दचकायला होत नाही. काकांच्या उजळणीत बाबा रोज पहिल्या नंबरवर असतात. बाबांना हे मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी रिसीव्हर चक्कीत टाकला असता.

या पुस्तकांतलं काकांना जे सगळ्यात पटलं ते त्यांनी खात्याच्या भाषेत आणून ठेवलं. वीज खात्याचा एक नियम आहे: मीटरपर्यंतची तार खात्याची, मीटरनंतर घरातली तार ग्राहकाची. बिघाड कुठे आहे ते पाहिल्याशिवाय लाइनमन हात लावत नाही. "माणसालेबी मीटर असते," काका म्हणतात. "लोकं काय बोलून राह्यले, पाऊस येते का नाई, साहेब काऊन चिडला, हे सगळं बाहेरचं. आपण काय समजलो अन् काय केलं, तेवढी वायरिंग आपली. अन् गंमत पाय, बिघाड घरात असते अन् माणूस खांबावर चढते."

त्यांची सगळी मिळून सात पुस्तकं आहेत, सगळ्यांना खाकी कव्हर आणि ऑफिसच्या फायलीसारखे नंबर. काका त्यांचे दोन भाग करतात. चार अभ्यासाची, तीन सरावाची. अभ्यासाची कपाटावर असतात. त्यांत तळटिपा इतक्या की काही पानांवर मूळ मजकूर पाहुण्यासारखा वर दोन ओळींत बसलेला. एकाच्या आतल्या पानावर नाक तुटलेल्या माणसाच्या पुतळ्याचा फोटो आहे. कमलाकाकू त्याला नकटा म्हणतात. "नकटा कुठी ठेवला? डब्याखाली घ्याले पाह्यजे होता." सरावाची पुस्तकं मात्र काकांच्या पिशवीत, डब्याशेजारी. त्यातल्या एका पातळ पुस्तकात प्रत्येक धड्याखाली प्रश्न आणि लिहायला कोऱ्या ओळी आहेत. काकांनी त्यात कधी पेन लावला नाही. मी विचारलं, का? म्हणाले, "पुढच्याले कोरं भेटलं पाह्यजे नं."

स्वतःचं ते वेगळ्या रजिस्टरात लिहितात, तक्रार केंद्राच्याच रकान्यांत: तारीख, तक्रार, बिघाड कुठे, निवारण. मला एकदा पाहायला मिळालं. 'तक्रार: कमलाने वांग्यात मीठ दोनदा टाकले. बिघाड: बाहेर. निवारण: जेवलो, पाणी जास्त प्यालो.' 'तक्रार: लाइनमन चंद्रभानने लंगडा म्हटले. बिघाड: बाहेर. मग दिवसभर तेच आठवत बसलो. बिघाड: आत. निवारण: उद्या पाहू.' आणि एका पानावर नुसतं: 'तक्रार: आज रविवार. कोणी आले नाही. बिघाड:' आणि पुढे कोरं. मी पान उलटलं. पुढच्या रविवारी तसंच, त्याच्या पुढच्या रविवारी तसंच.

काकू या पुस्तकांना अजून सरावलेल्या नाहीत. महिन्यातून एक दिवस मुद्दाम गैरसोयीत राहायचा सराव असतो, म्हणजे साधी भाकर, चटणी, पंखा बंद. मे महिन्यात, वर्ध्याच्या उन्हात, सेहेचाळीस डिग्रीला काकांनी पंखा बंद केला तेव्हा काकू कुकरच्या शिट्टीसारख्या बोलल्या. काकू शब्द दाबून दाबून सोडतात, मधेच एकदम सुटतात. "त्या रोमवाल्याले एक कार्ड टाका. म्हणा, आमच्या इथं सहा घंटे लोडशेडिंग आहे, आमचा सराव सरकार करून घेते. तुमी येऊन पाहा एकदा." आणि काकांची आत्या पंचफुला, जिच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि जी विहारात कधी खाडा करत नाही, ती तर सरळच विचारते, "आपल्या घरी इतकं चांगलं असतानी तू इतक्या लांब कायले गेला रे?" काका म्हणाले, "आत्या, तिकडचेबी तेच सांगून राह्यले. दोन साक्षीदार झाले. कोर्टातबी दोन लागते." आत्याला ते पटलं, पण वर्गाला ती आली नाही. म्हणाली, एक साक्षीदार मला पुरतो.

यंदा मे महिन्यात काकांच्या बदलीची ऑर्डर आली. एक जुलैपासून आर्वी. त्या दिवशी मी काकूंकडे विरजण आणायला गेले होते. काका बाहेर खुर्च्या पुसत होते. काकू हळू आवाजात म्हणाल्या, "हे मले रात्री वाचून दाखवते. मी काय करू, मले त्याईच्या आवाजानं झोप लागते. एक माणूस, मयुरी. तेरा वर्षांत एक माणूस बसला नाई समोर. आता तिकडं तर त्याईले वळखतबी नाई कोणी." हे काकूंनी त्यांच्या आवाजात म्हटलं नाही. म्हणजे म्हटलं त्यांच्याच, पण तो आवाज मला अजून काढता येत नाही.

त्यानंतर चार दिवसांनी मी सापडले. दहावीची परीक्षा झाली होती, मला काही काम नव्हतं, आणि चक्कीवर बसलेल्या बायांना मी काकांचा फोन करून दाखवत होते. माझा आवाज मुळात घोगरा आहे. टेलिफोनवर लोक मला 'भाऊ' म्हणतात. "आधी नाव सांगा, मग गल्ली..." एवढ्यात बाया हसायच्या थांबल्या. मागे सहा फूट माणूस, हातात गव्हाचा डबा.

"बराबर आहे," काका म्हणाले. "फक्त मी 'सांगा'वर थांबतो. तू पुढं पयते."

मग डबा खाली ठेवून ते दर वर्षी विचारतात तेच त्यांनी विचारलं. "रविवारी येतेस का वर्गाले?"

"काका, तुम्हाला माहीत आहे मी नाही येणार. मग का विचारता?"

"तू येशील का नाई ते माह्या मीटरच्या बाहेर आहे. विचारणं आत आहे. म्हणून विचारतो."

मी म्हटलं, यात शिकण्यासारखं आहे काय. तुम्ही करता काय, तर हळू बोलता. हळू तर मीही बोलते, आत्ताच बोलले. बाया हसल्या. काका हसले नाहीत, विचारात पडले. फ्यूज काढून आत पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आवाज काढता येते तुले. तो आवाज घेऊन घंटाभर बसून दाखव. उद्या दोपारी दोन ते तीन, माह्या फोनवर. चिडली नाई तर माहा टेपरेकॉर्डर तुहा. चिडली तर बदलीच्या आधी सहा रविवार येजो. पातळ पुस्तक तेवढ्यात होते."

तो टेपरेकॉर्डर मला दोन वर्षांपासून पाहिजे होता. त्यात लोकांचे आवाज भरून ठेवता आले असते. मी हात पुढे केला. आणि मला दिसलं की, हात मिळवताना काकांचा हात घामाने ओला आहे. तेरा वर्षं फोनवर शिव्या खाऊन ज्यांचा हात कोरडा राहिला, त्यांचा.

दुसऱ्या दिवशी दोनला लाइन गेली आणि मी त्यांच्या लोखंडी टेबलामागे बसले. पंच म्हणून लाइनमन चंद्रभान. चंद्रभान प्रत्येक वाक्याआधी तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा या गालातून त्या गालात नेतो. काका बाजूला रजिस्टर घेऊन बसले. "बोलणं तुहं, लिहिणं माहं. तक्रार चुकली नाई पाह्यजे."

पहिला फोन सिंदी मेघेच्या बाईचा. कूलर बंद, लेकरू रडतंय. "आधी नाव सांगा," मी म्हटलं, आणि 'सांगा'वर थांबले. दुसरा फोन एका म्हाताऱ्याचा, त्याला फक्त किती वाजले ते पाहिजे होतं. तिसरा माणूस माझ्या खानदानावर गेला. मला फार मजा आली. तो 'श'ला 'स' म्हणत होता आणि शिव्यांमध्ये 'श' बरेच असतात. त्याला मी जितकं हळू बोलले तितके त्याचे 'स' वाढले. चौथा, पाचवा, अकरावा. ही सगळी लोकं लहानूकाकांवर चिडत होती, आणि मी काही लहानूकाका नव्हते. मला काय लागणार? पावणेतीनला चंद्रभानने खर्रा या गालातून त्या गालात नेला. "लहानू, टेप गेला बे तुहा." काका लिहीत राहिले.

मग फोन वाजला आणि पलीकडून आला खाकरा.

"मी काय म्हणतो लहानूभाऊ, खॅक."

मी हसू दाबलं. "नमस्कार महादेवराव. आधी नाव सांगा."

"नाव काय सांगा? तेरा वर्षं झाली, खॅक, नाव सांगून राह्यलो. अर्धा गहू वर आहे अन् अर्धा..."

"अर्धा खाली. लिहितो. गल्ली?"

बाबांनी गल्ली सांगितली, राग सांगितला. सगळं मला पाठ होतं, मी आरामात होते. घड्याळात दोन पन्नास. मग बाबांचा आवाज उतरला. दळण थांबल्यावर त्यांनाही काम नसतं आणि मनातलं बोलायला कोणी नसतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"अजून एक सांगतो लहानूभाऊ. माही पोट्टी तुमचा आवाज काढते म्हणे, खॅक, बायांसमोर. वाईट नका मानू."

"नाई मानत," मी म्हटलं. "कसा काढते?"

"तुमचा बरा काढते. चंद्रभानचा तर एक नंबर. पण माहा काढते म्हणते अन् तो बिलकुल जमत नाई तिले, खॅक. बाया उगाच हसते. मी आयकलं मांगून. ती मधामधात खोकलते. मी कुठी खोकलतो? खॅक. अन् 'मी काय म्हणतो' म्हणते. मी कधी म्हणतो? मी काय म्हणतो लहानूभाऊ, ते तिच्यात नाई. दुसऱ्याचे काढू दे, बापाचा आवाज काढाले, खॅक, दम लागते."

तो 'श'वाला माझ्या खानदानावर गेला होता तरी मला काही झालं नव्हतं. आता कानशिलं तापली. चार वर्षं मी त्या खाकऱ्यावर मेहनत घेतली होती. पिठाचा वेगळा असतो आणि खर्र्याचा वेगळा, हा फरक अख्ख्या बोरगावात मला एकटीला येतो. मी खुर्चीवरून उठले, आणि तोंडातून निघालं ते लहानूकाकांच्या आवाजात नव्हतं. "मी काय म्हणतो, खॅक, तुमाले सोताचा आवाज तरी, खॅक, आयकू येते का? काऊन जमत नाई? दिवसातून शंभर बार खोकलता, खॅक, अन् म्हणता कुठी खोकलतो? मी काय म्हणतो, तुमी, खॅक, समजता काय सोताले?"

चंद्रभानच्या दोन्ही गालांत एकाच वेळी काही नव्हतं. खर्रा त्याने गिळला होता.

 मग बाबा एकदम बारीक आवाजात म्हणाले, "लहानूभाऊ, लाइन क्रॉस झाली वाटते. माहाच आवाज मले वापस येऊन राह्यला."

काकांनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. "नाई महादेवराव, लाइन साफ आहे. समक्ष सांगतो तुमाले. तीनले चक्की सुरू होईल." फोन ठेवला. चष्मा काढून पुसला, घातला, परत काढून पुसला. चंद्रभानने घड्याळाकडे बोट केलं. दोन बावन्न. आठ मिनिटांनी मी हरले होते, आणि ज्याने मला त्याचा आवाज जमत नाही म्हटलं, त्यानेच तो स्वतःचा म्हणून ओळखला होता.

मला वाटलं, काका आता मीटर, आतलं, बाहेरचं, असं काही बोलतील. ते म्हणाले, "रविवारी आठ म्हणजे आठले येजो. नाश्ता करून नको येऊ, कमला पोहे करते."